शब्दचर्चा : 'मंक' म्हणजे मठवासी का? आणि त्यांचा उपास कुठला?

प्रश्न : इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती 'मंक' लोकांवर मराठीत लिहायचं आहे. मठवासी, संन्यासी, भिक्षू यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि 'उपास' म्हटलं की आपल्याकडे साबुदाणा डोळ्यांपुढे येतो, त्याचं काय करावं?

उत्तर : एकच शब्द सगळीकडे लावला तर घोटाळा होईल. मूळ ग्रीक शब्द 'मोनाखोस', म्हणजे एकटा राहणारा. त्यात मठ कुठेच नाही. इ.स. ३२४ च्या एका पपायरसवर (लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदावर) हा शब्द सापडतो. इजिप्तमधल्या करानिस गावच्या एका शेतकऱ्याचा तो तक्रारअर्ज आहे : शेजाऱ्यांच्या गाईने पिकाची नासाडी केली, त्याने गाय धरली, म्हणून मालकांनी त्याला बेदम मारलं. डीकन (चर्चचा सेवक) अंतोनिनस आणि 'मोनाखोस' इसहाक मधे पडले म्हणून जीव वाचला, असं तो लिहितो. म्हणजे हा इसहाक गावकऱ्यांच्या भांडणात धावून येण्याइतका जवळ होता.

संत अंतोनीही (सुमारे २५१ ते ३५६) आधी गावाच्या कडेलाच राहिला. 'तुझं असेल ते विकून गरिबांना दे' हे येशूचं वचन चर्चमध्ये ऐकून त्याने वडिलोपार्जित जमीन गावाला दिली आणि जवळच्या एका वृद्ध तपस्व्याकडे धडे घेतले. वाळवंटातल्या पडक्या किल्ल्यात तो राहायला गेला ते नंतर. त्याला 'एकांतवासी' म्हणा.

'मठवासी' शोभतो तो पाखोमियसच्या मंडळींना. त्याने ३२० च्या दशकात नाईलकाठी ताबेन्नेसी इथे भिंतीआड एकत्र राहणं, एकत्र जेवणं, वाटून दिलेलं काम अशी घडी बसवली. 'भिक्षू' मात्र टाळाच. ही माणसं ताडाच्या पातीच्या टोपल्या आणि दोर वळून पोट भरत आणि उरलेलं दान करत. भिक्षेवर जगणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आता उपास. दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, वाळवलेल्या दोन छोट्या पावरोट्या पाण्यात भिजवून मिठाशी खायच्या. दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. कशासाठी, हे त्यांच्यातल्याच एवाग्रियस या लेखकाने (मृत्यू ३९९) फार नेमकं सांगितलंय. मनाला छळणाऱ्या आठ विचारांत त्याने पोटाचा विचार पहिला ठेवला. पण तिथे पक्वान्नांचं वर्णन नाही! तो विचार साधकाला पोट, यकृत, प्लीहा यांची काळजी दाखवतो, लांबलेलं दुखणं दाखवतो, इथे वैद्यही नाही याची आठवण करून देतो. म्हणजे जिभेच्या चोचल्यांइतकीच ती उद्याची धास्ती आहे. म्हणून 'खादाडपणा' हा शब्द मला तिथे अपुरा वाटतो. पोट थोडं रिकामं ठेवलं की ही धास्ती उघडी पडते, तिला ओळखता येतं, आणि तिच्यावाचून प्रार्थनेला बसता येतं. उपासाचा हेतू हा आहे. शरीराला शिक्षा करणं हा नव्हे.

प्रश्न : मग दिवसच्या दिवस न खाता कडकडीत उपास ते करत नसत?

उत्तर : तरुणपणी करत. अब्बा (म्हणजे बाबा, थोर साधकाला म्हणत) पोयमेनला कोणी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की तीन-तीन, चार-चार दिवस, आठवडाभरसुद्धा न खाता राहून पाहिलं. थोरांनी हे सगळं करून पाहिलं आणि रोज खावं पण थोडं खावं, हेच बरं ठरवलं. तेव्हा या नेमाला आपला 'एकभुक्त' (दिवसातून एकदाच जेवणं) सगळ्यात जवळचा. 'नक्त' सूर्यास्तानंतरचं, ते नको.

'उपास सोडणे' मात्र बेधडक वापरा. इजिप्तमध्ये या लोकांना भेटून त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या कासियनने तिथल्या एका वृद्धाला विचारलं होतं, पाहुणा आला की तुम्ही नेम का मोडता? तो म्हणाला, उपास कायम माझ्यापाशीच आहे, तुम्हाला मात्र मी कायम ठेवून घेऊ शकत नाही. दुसऱ्या एका वृद्धाने तर येणाऱ्या पाहुण्यांसाठी सहा वेळा पान मांडलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर खाल्लं होतं.