विषय: छताची गळती, नुसता रंग फासून 'दुरुस्ती पूर्ण'. आता काय करावं?

प्रेषक: केतकी, सनीवेल (कॅलिफोर्निया)

सप्रेम नमस्कार मंडळी,

आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. हिवाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आली. लीजिंग ऑफिसला कळवलं, मेंटेनन्सचा माणूस आला, डागावर पांढरा रंग मारून गेला आणि पोर्टलवर तक्रार 'पूर्ण' म्हणून बंद झाली. थोड्याच दिवसांत डाग पुन्हा उमटला, कडेला काळी बुरशी धरली. परत तक्रार केली, तर छताचा तुकडा कापून तिथे ठिगळ लावलं. आता त्याच सांध्यातून थेंब पडतात. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांचा खोकला थांबत नाही. ऑफिसचं म्हणणं, "आम्ही दुरुस्ती केली आहे." घरी विचार चाललाय की पुढचं भाडंच देऊ नये. मला मात्र धास्ती वाटते. आम्ही एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहोत, तक्रारीचा व्हिसावर परिणाम होईल का? कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

केतकी

—

प्रेषक: माधवी, फ्रीमॉन्ट

केतकी,

आधी सासूबाईंना डॉक्टरांना दाखव आणि घरात बुरशी आहे हे त्यांना आवर्जून सांग, म्हणजे त्यांच्या कागदावर नोंद राहील. मी वकील नाही, पण भाडेकरूंच्या मदत केंद्रात बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून बसते आहे, आणि असा रंग फासण्याचा प्रकार तिथे सतत येतो.

तुमचं ऑफिस 'माणूस पाठवला' यालाच दुरुस्ती समजतंय. कॅलिफोर्नियाचा कायदा तसं मानत नाही. दिवाणी संहितेच्या १९४१.१ कलमात घर कसं असलं पाहिजे ते लिहिलंय: छत आणि बाहेरच्या भिंतींतून पाणी आत येऊ नये, नळ आणि ड्रेनेज नीट चालावेत, वगैरे. म्हणजे किती वेळा येऊन गेले हा प्रश्नच नाही, आज घराची अवस्था काय आहे हा प्रश्न आहे. १९७४ साली ग्रीन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं की घर राहण्याजोगं ठेवणं ही प्रत्येक भाडेकरारात गृहीत धरलेली अट आहे. करारात लिहिली असो वा नसो.

आजच पत्र लिही. कधी कळवलं, काय केलं, ते का टिकलं नाही, आता नेमकं काय होतंय, हे तारखांसकट. सोबत फोटो आणि थेंब पडतानाचा व्हिडिओ. ईमेलही कर आणि सर्टिफाइड पोस्टानेही पाठव. पोर्टलवर विसंबू नकोस. ते त्यांच्या ताब्यात आहे, घर सोडलंस की तुला ते उघडता येईलच असं नाही. आजवरच्या बंद केलेल्या तक्रारींचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव.

त्यानेही काही झालं नाही तर शहराच्या कोड एन्फोर्समेंटला (घरं नियमांत बसतात का ते तपासणाऱ्या खात्याला) फोन. भाडेकरूने निकृष्ट घराची तक्रार केली की शहराने तपासणी करायलाच हवी, असा कायदा १ जुलै २०२२ पासून लागू आहे. डोळ्यांना दिसणारी बुरशी २०१६ पासून निकृष्ट घराच्या व्याख्येत मोडते. निरीक्षकाने मालकाला लेखी नोटीस दिली आणि सबळ कारण नसताना ३५ दिवसांत दोष दूर झाला नाही, तर त्यापुढे भाडं मागायचाच हक्क मालकाला राहत नाही. मग तेच भाडं थांबवणं कितीतरी भक्कम पायावर होतं.

व्हिसाचं म्हणशील तर घरमालकाशी भांडण हा दिवाणी मामला आहे. उलट तुमच्या इमिग्रेशनची धमकी देऊन भाडेकरूला गप्प बसवणं मालकाला २०१८ पासून कायद्यानेच बंद आहे. या भीतीपायी आपली माणसं ओलीत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माधवी

—

प्रेषक: दिलीप, सॅन होजे

नमस्कार,

माधवीताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझं एक घर भाड्याने दिलेलं आहे, म्हणून मालकाच्या बाजूने दोन गोष्टी. छत ओलं म्हणजे पाणी वरून येतंय. बहुधा वरच्या घरातल्या टबचा सांधा किंवा ड्रेनचा पाइप. तो शोधल्याशिवाय खाली काहीही लावलं तरी भिजणारच. पत्रात 'छत दुरुस्त करा' असं लिहू नका, 'पाण्याचा उगम शोधा, पाइप दुरुस्त करा, ओला ड्रायवॉल (छताचा जिप्समचा पत्रा) काढा, आतलं लाकूड वाळल्याचं मीटरने तपासा आणि मगच बंद करा' असं लिहा. दुसरं, २४ तास आधी लेखी कळवून माणूस आला तर त्याला आत घ्या. अडवलंत तर दोष तुमच्यावर येतो.

स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून पैसे वळते करण्याची सोयही आहे ना?

दिलीप

—

प्रेषक: माधवी, फ्रीमॉन्ट

दिलीपराव, आहे. कलम १९४२. एका महिन्याच्या भाड्याइतका खर्च, आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त दोनदा. मालकाला कळवून रास्त मुदत द्यावी लागते, ३० दिवस पुरेसे धरतात, निकड असेल तर कमीही. गीझर किंवा नळ असता तर मी हेच सुचवलं असतं. पण केतकीच्या बाबतीत बिघाड बहुधा वरच्या घरात आहे, तिथे ती प्लंबर कसा नेणार? आपल्या बाजूने पुन्हा ठिगळच लागेल, पैसे मात्र तिचे जातील.

—

प्रेषक: केतकी, सनीवेल

ताई, दिलीपकाका, मनापासून आभार. पत्राचा मसुदा लिहायला घेतलाय. पण भाडं आत्ताच थांबवलं तर नेमकं काय होईल?

—

प्रेषक: माधवी, फ्रीमॉन्ट

केतकी,

मालक 'भाडं भरा नाहीतर घर सोडा' अशी तीन दिवसांची नोटीस लावू शकतो (शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या वगळून), नंतर घर खाली करण्याचा दावा. कोर्टात तू गळतीचा बचाव मांडू शकतेस, पण तो सिद्ध करण्याचा भार तुझ्यावर. आणि तक्रारीनंतर १८० दिवस सूड म्हणून भाडंवाढ किंवा हकालपट्टी करता येत नाही, हे जे संरक्षण आहे, ते भाडं थकलेलं नसेल तरच भक्कमपणे मिळतं. म्हणून या महिन्याचं भाडं वेळेवर भर. बाथरूम धड वापरता आलं नाही त्या महिन्यांची भरपाई नंतर स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) मागता येते. तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा चालतो आणि कोणत्याही बाजूने वकील उभा राहत नाही.

मसुदा मला खाजगी ईमेलवर पाठव, घराचा पत्ता या लिस्टवर नको. आज रात्री वाचून देते, उद्या सकाळी पोस्टात टाक.

माधवी