स्मरणात राहिलेला मॉडेल : ज्येष्ठ छायाचित्रकारांना विनंती

प्रश्न (लातूर)

मी लातूरला छायाचित्रण शिकत असून सध्या वृद्धांची व्यक्तिचित्रे टिपत आहे. प्रकाशयोजनेविषयी वाचायला पुष्कळ मिळते. परंतु समोर बसलेला माणूस कॅमेरा उचलताच ताठ होतो, त्याचे काय करावे, हे कोणी सांगत नाही. मराठवाड्यात दीर्घकाळ काम केलेल्यांनी आपल्या आवडत्या मॉडेलविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

आपला प्रश्न वाचताच मला आबा आठवले. फिल्मच्या काळात, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसण्याचा दीर्घ अनुभव असलेले हे वारकरी गृहस्थ माझ्याकडे येत असत. पांढरा फेटा, गळ्यात तुळशीची माळ आणि उन्हाने रापलेला, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा. नाथषष्ठीला ते पैठणला जात, त्यामुळे त्या दिवसांत बैठकीचा विषयही काढायचा नाही, हे ठरलेलेच होते.

त्यांचे कसब विलक्षण होते. विश्रांतीनंतर पुन्हा बसताना मान, खांदे आणि हात अगदी पूर्वीच्याच जागी येत. मात्र चित्रकारासाठी वरदान ठरणारी ही स्थिरता कॅमेऱ्याला मानवत नाही. भिंतीवरील एका खिळ्यावर नजर रोवून बसलेले आबा फोटोत निर्विकार दिसत, कारण चित्रकार तासन्‌तास पाहून त्या चेहऱ्यात जे भरतो, ते सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात कॅमेऱ्याला आयते मिळावे लागते.

माझ्याकडे मामिया आरबी ६७ हा मोठ्या फिल्मचा कॅमेरा होता. त्यात १२० या रुंद फिल्मच्या रोलवर दहाच फोटो निघतात आणि त्याच्या आरशाचा आवाज खोलीभर घुमतो. आबा ते आवाज मनात मोजत आणि दहावा ऐकताच खांदे सैल सोडून फेटा सारखा करीत, किंवा पावसापाण्याची चौकशी करीत. त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा उतरे. या कॅमेऱ्याची पाठ, म्हणजे फिल्म भरायचा मागचा भाग, काढून बदलता येते, म्हणून मी दुसरी पाठ भरून तयार ठेवू लागलो. माझ्या मते त्यांचे उत्तम फोटो दुसऱ्या रोलच्या आरंभीचेच आहेत.

उत्तर (नांदेड)

आठवण सुरेख आहे. एक शंका मात्र राहते : माणूस विसावलेला असताना टिपलेला फोटो त्याच्या संमतीचा म्हणावा काय? बैठकीचे पैसे दिले म्हणून विसाव्यावरही आपला हक्क पोहोचतो, असे मला वाटत नाही.

विद्यार्थ्यासाठी तांत्रिक सूचना अशी, की पांढरा फेटा आणि सावळा चेहरा एकत्र आले की कॅमेऱ्यातील उजेड मोजणारे मीटर फेट्याच्या उजेडाने फसते आणि चेहरा काळवंडतो. मोजमाप चेहऱ्यावरच घ्यावे. डिजिटलमध्ये जास्त उजेडाने फेट्याचा पोत जळत, म्हणजे नुसता पांढरा होऊन पुसला जात नाही ना, हेही तपासावे. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात छतातील झरोक्याच्या थेट खाली कोणाला बसवू नये, कारण डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात. थोडे बाजूला बसवून पुढ्यात पांढरे धोतर अंथरले, तर परतणारा उजेड पुरेसा असतो. थर्माकोलही चालतो, पण वाऱ्यात तो सांभाळण्यासाठी निराळा माणूस लागतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. नांदेडच्या सरांची शंका मलाही पडली होती. आबांना हे ठाऊक होते का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

शंका रास्त आहे. मी त्यांना आधीच विचारले होते. "काढा, पण मला दाखवल्याबिगर कुणाला देऊ नका," एवढीच त्यांची अट होती. त्यानुसार कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधील सर्व फोटो लहान आकारात एकत्र छापलेला कागद, आधी त्यांच्या हाती जाई, आणि फेटा सुटलेला असतानाचे फोटो ते लाल पेन्सिलीने खोडीत. त्यांतील दोन तर मला फारच आवडले होते आणि मी थोडी रदबदलीही करून पाहिली, परंतु आबांनी मानले नाही. त्यामुळे ते मी कधीच छापले नाहीत. आपणही अशी अट मॉडेलकडून आधीच विचारून घ्यावी. फोटो नाकारता येतो हे कळल्यावर पुष्कळ माणसे ताठ बसणे आपोआप सोडतात.