शब्दचर्चा: ‘रिलेटिव्ह अ‍ॅड्रिनल इन्सफिशिएन्सी’ला मराठीत काय म्हणावे?

रामबागकर: इंदुरातल्या बालरुग्ण अतिदक्षता विभागासाठी मराठी पत्रक तयार होत आहे. सेप्टिक शॉकमधल्या (जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण कोलमडलेल्या) मुलाला हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड का देतात, हे पालकांना सांगायचे आहे. हिंदी मसुद्यात ‘सापेक्ष अधिवृक्क अपर्याप्तता’ आहे. मराठीत ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी’ चालेल?

टिळकनगर_बालरोग: ‘निकामी’ नको. ग्रंथीच खरोखर जाते ती क्वचित, उदा. मेनिंगोकोकस या जिवाणूच्या संसर्गात तिच्यात रक्तस्राव झाला तर. एरवी ती कामात असते. रक्तात कॉर्टिसोल (याच ग्रंथीचे, आजारात लागणारे संप्रेरक) असते, कधी नेहमीपेक्षा जास्तही; पण एवढ्या आजाराला ते पुरत नाही किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. 2008 मध्ये तज्ज्ञगटाने सुचवलेल्या नव्या नावातूनही ‘अ‍ॅड्रिनल’ गेले आणि ‘कॉर्टिकोस्टेरॉइड’ आले, ते याचसाठी. ‘आजाराच्या मानाने कॉर्टिसोल अपुरे’ लिहा. ‘सापेक्ष’ वाचून पालकांना काही बोध होत नाही, आणि ‘अधिवृक्क’चा अर्थ ‘किडनीच्या वरची ग्रंथी’ असा सांगितला की त्यातली किडनी तेवढी लक्षात राहते!

रामबागकर: मग ‘शॉकमध्ये स्टेरॉइड द्यावेच लागते’ हे वाक्य?

टिळकनगर_बालरोग: ‘द्यावेच लागते’ काढा. 2020 च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय बालरुग्ण मार्गदर्शिकेप्रमाणे सलाइन आणि रक्तदाब टिकवणारी औषधे यांनी रक्ताभिसरण सावरले, तर हायड्रोकॉर्टिसोन न देणे बरे. तरीही सावरले नाही, तर देणे-न देणे दोन्ही मान्य. तेव्हा ‘देण्याचा विचार होतो’ एवढेच. मूल आधीच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर असेल (नेफ्रोटिक या किडनीच्या आजाराची मुले बहुधा असतात), तर मात्र गोष्ट वेगळी. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने ग्रंथी सुस्तावलेली असते, आजारात वाढीव कॉर्टिसोल बनवू शकत नाही. तिथे स्टेरॉइड टाळता येत नाही. ‘मुलाला पूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का? कधी बंद केल्या?’ हा प्रश्न पत्रकात ठळक टाका.

सियागंज_औषधे: परिचारिकांसाठीच्या पानावर ‘मात्रा 50 मि.ग्रॅ./चौ.मी.’ एवढेच छापलेय. दिवसाला की एका वेळी? 12 किलो, 86 सें.मी. उंचीच्या मुलाचे शरीर-पृष्ठफळ साधारण 0.54 चौ.मी. (उंची गुणिले वजन, भागिले 3600, त्याचे वर्गमूळ). पहिला डोस 50 मि.ग्रॅ./चौ.मी. म्हणजे सुमारे 27 मि.ग्रॅ. पुढे ‘दिवसाला 50’ असेल तर तेच 27 चार भागांत, दर 6 तासांनी पावणेसात. ‘दिवसाला’ गळले की चौपट जाणार. आणि ‘चौ.मी.’ऐवजी कुणी ‘किलो’ वाचले तर थेट 600 मि.ग्रॅ.! 100 मि.ग्रॅ.ची कुपी 2 मि.लि.त विरघळवली तर 27 मि.ग्रॅ. अर्ध्या मि.लि.हून जरासेच जास्त भरते, त्यामुळे हिशेब आधी मिलिग्रॅममध्येच लिहा. ‘चौ.मी.’ही नको, पूर्ण ‘चौरस मीटर’ छापा.

लोकमान्यनगर_आयसीयू: त्याच पानावर ‘एटोमिडेट (भुलीचे औषध) टाळा’ हवे. श्वासनलिकेत नळी घालताना दिलेला एक डोसही कॉर्टिसोल बनवणारे एन्झाइम अडवतो.

रामबागकर: पालकांना ‘स्टेरॉइड’ शब्दाची धास्ती वाटते. ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हटले तर?

टिळकनगर_बालरोग: अजिबात नको. ‘स्टेरॉइड’च लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना पालक तेच नाव सांगतील. खाली एवढे पुरे: ‘या औषधाने रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून ती वारंवार तपासली जाईल.’