नारा, क्योतो आणि कोयासान : होर्यूजीची भित्तिचित्रे व भारतीय मुळाच्या मूर्ती पाहण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि दरवर्षी पावसाळा सरला की एकदा तरी अजिंठ्याला जाऊन येतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीविषयी जे जे वाचले, त्यात जपानमधील नाराजवळच्या होर्यूजी या बौद्ध मंदिराच्या भित्तिचित्रांचे नाव वारंवार येत गेले. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा आता निवृत्तीनंतर पुरी होण्याची चिन्हे आहेत. नोव्हेंबरच्या आरंभी मी आणि पत्नी दहा दिवसांसाठी निघत आहोत. ज्या एक-दोन सहल कंपन्यांची पत्रके पाहिली, त्यांत नारा म्हणजे अर्धा दिवस आणि त्यातलाही निम्मा हरणांना बिस्किटे चारण्यात. म्हणून तोक्यो वगळून, ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरून आम्ही स्वतःच आखणी करत आहोत. नाराला चार रात्री, कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावी एक आणि क्योतोला चार, असा कच्चा आराखडा आहे.

माझा मुख्य प्रश्न होर्यूजीविषयी आहे. राजपुत्र शोतोकु यांनी ७ व्या शतकाच्या आरंभी स्थापलेले हे मंदिर ६७० मध्ये जळाले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. तरीही आज उभ्या असलेल्या जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. तेथील ‘कोन्दो’ या मुख्य सभागृहातली चित्रे २६ जानेवारी १९४९ च्या आगीत होरपळली, आणि त्या धक्क्यातूनच १९५० मध्ये जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा आला. योगायोग असा की, आराई काम्पो या चित्रकारांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या आणि आयुष्याच्या अखेरीस ते होर्यूजीच्या याच भिंतींच्या नकला करत होते. आज कोन्दोमध्ये दिसतात त्या १९६० च्या दशकात रंगवलेल्या प्रतिकृती. ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे की आतल्या मंद उजेडात आणि जाळीपलीकडून रेषा नीट कळतात का, सकाळी गेल्यास उजेड बरा मिळतो का, आणि अजिंठ्यात वापरतो तशी छोटी दुर्बीण येथे उपयोगी पडेल का.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. होर्यूजीच्याच ‘युमेदोनो’ या अष्टकोनी सभागृहातील गुझे कान्नोन (कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर) ही एरवी बंद असलेली मूर्ती शरद ऋतूत २२ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर एवढाच काळ दर्शनासाठी खुली असते. त्याच सुमारास नारा राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन या नारातील प्राचीन भांडारातील निवडक वस्तूंचे वार्षिक प्रदर्शन भरते. ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी, बोधिसेन या भारतीय भिक्षूंनी केले, तेव्हा वापरलेला कुंचला याच भांडारात जपलेला आहे. दरवर्षी वस्तू वेगळ्या असतात, त्यामुळे तो दिसेलच असे नाही, हे मला ठाऊक आहे. विचारायचे ते एवढेच, की ३ नोव्हेंबरच्या संस्कृती दिनाची सुट्टी टाळून दुपारनंतर गेल्यास गर्दी खरोखर कमी असते का.

क्योतोत सर्वाधिक वेळ सान्जूसान्गेन्दो या मंदिराला द्यायचा आहे. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या सभागृहात मध्यभागी बसलेली एक आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या १,००० अशा एकूण १,००१ सहस्रभुज कान्नोन मूर्ती आहेत. परंतु माझे लक्ष त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या २८ रक्षकदेवतांकडे आहे, कारण तेथे इंद्र, ब्रह्मा, नारायण आणि वसू ऋषी तर भेटतातच, शिवाय चक्क बासरी वाजवणारा गरुडही आहे. आत छायाचित्रणास मनाई असल्याने वहीत रेखाटने करावीत असा विचार आहे. पेन्सिल-वही घेऊन एका जागी उभे राहिलेले तेथे चालते का? क्योतोतल्याच तोजी मंदिराचे व्याख्यानगृह, जिथे इंद्र हत्तीवर आरूढ आहे, ते त्याच दिवशी दुपारी जमेल असे वाटते. मंदिरे संध्याकाळी पाचपर्यंत, काही तर त्याआधीच बंद होतात, हे लक्षात घेऊन हा हिशेब जुळतो का, तेही सांगावे.

सात दिवसांच्या जेआर पासची (पर्यटकांसाठीच्या रेल्वे पासची) किंमत ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येन झाल्यामुळे आणि आमचा प्रवास जवळपासचाच असल्यामुळे तो घेणार नाही. नाराहून कोयासानला मात्र मोठ्या बॅगा घेऊन गाड्या बदलत, शेवटी केबल कारने चढायचे जिवावर येते. बॅगा ‘ताक्क्यूबिन’ या घरपोच सामानसेवेने थेट क्योतोच्या हॉटेलवर धाडून एका रात्रीपुरती पिशवी सोबत ठेवणे कोणी केले आहे का?

राहिला जेवणाचा प्रश्न. आम्ही शाकाहारी आहोत, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये किंवा नूडल्समध्येही वाळवलेल्या माशाचे ‘दाशी’, म्हणजे अर्काचे पाणी, असते, ही खरी अडचण आहे. कोयासानच्या मंदिरनिवासात शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचे शाकाहारी जेवण मिळते, त्यामुळे तेथे चिंता नाही. नारा-क्योतोत मात्र रोजच्या जेवणासाठी आपण काय केलेत, ते सविस्तर लिहावे. पत्नीचे गुडघे दुखतात आणि तिला जमिनीवर बसता येत नाही. तेव्हा मंदिरनिवासात जेवणासाठी खुर्ची व झोपण्यासाठी पलंग मिळेल अशी खोली आरक्षणाच्या वेळीच मागता येते का, की त्याऐवजी मंदिरनिवासातली पहाटेची प्रार्थना सोडून कोयासान नाराहून एका दिवसात करणेच बरे?