संखेड्याला बसने गेला असाल तर इथे लिहा

आमच्या गोरेगावच्या बिल्डिंगचा पुनर्विकास एकदाचा सुरू झाला. भाड्याच्या घरात सामान हलवताना सासूबाईंच्या संखेड्याच्या (गुजरातेतलं लाकडी फर्निचरचं गाव) खुर्चीचा पुढचा पाय मोडला. लालसर तपकिरी रंग, वर सोनेरी वेलबुट्टी, कातीव पाय. ज्यांच्या घरी ही खुर्ची आहे त्यांना वर्णन सांगायला नको. जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात दोघांना दाखवली. एक म्हणाला, "फेकून द्या," आणि दुसरा म्हणाला, "चारही पाय नवे बसवतो, स्टीलचे." सासूबाईंनी हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू स्टीलची कल्पना माझीच.

मग म्हटलं, जिथली आहे तिथेच विचारू. संखेडा बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटर, डभोईच्या पुढे. पूर्वी बडोदा जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. ट्रेनचं रिझर्वेशन मिळेना म्हणून बोरिवलीहून रात्रीची खाजगी स्लीपर धरली. मोडलेला पाय चादरीत गुंडाळून उशाशी.

माझा अनुभव आधी लिहिते, मग तुम्ही लिहा.

अहमदाबादकडे जाणाऱ्या बस बडोदा शहरात शिरत नाहीत, हायवेवरच्या चौकड्यांवर (म्हणजे चौकांवर) उतरवतात. डभोईला जायचं तर कपुराई चौकडी सोयीची, कारण डभोईचा रस्ता तिथूनच फुटतो. मी हे शोधून, क्लीनरला दोनदा बजावून झोपले. त्याने उठवलं ते थेट गोल्डन चौकडीला, पहाटे पावणेसहाला. कपुराई केव्हाच मागे पडली होती. "मॅडम, बडोदा हेच," म्हणाला आणि दार लावून घेतलं. म्हणजे आधी रिक्षाने एसटी स्टँड आणि मग तिथून बस. (तात्पर्य: करजण गेलं की स्वतःच जागं राहायचं.)

गुजरात एसटीच्या पाट्या गुजरातीत असतात, पण घाबरू नका. डोक्यावरची रेघ मनातल्या मनात ओढली की निम्मी अक्षरं आपलीच निघतात. उरलेल्यांसाठी शेजारचा माणूस असतोच. माझ्या शेजारच्या आजोबांनी चादरीतून बाहेर आलेलं टोक बघून विचारलं, "बेन, आ शुं छे?" मी म्हटलं, खुरशीचा पाय. त्यानंतर डभोईपर्यंत अख्ख्या बसला माहीत झालं की मुंबईची एक बाई पाय घेऊन चालली आहे.

संखेड्यात दुकानं पुढे आणि कारखाने मागे. काम खराडी लोकांचं, आपल्याकडे ज्यांना कातारी म्हणतात तसे. लेथला गुजरातीत संघेडो म्हणतात आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात. मी गेले तिथे एक काका लेथवर सागाचा दांडा फिरवत होते, आधीच लाल रंगवलेला. कथील सरसात घोटून केलेला लगदा वाटीत. कुंचला नुसता टेकवायचा, दांडाच गोल फिरून रेघ पुरी करतो. वाळल्यावर ती रेघ इतकी मळकट दिसते की मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग त्यांनी अकीकाचा गुळगुळीत दगड त्यावरून घासला आणि कल्हई केल्यासारखी चांदी चमकली. मग लाखेची कांडी फिरत्या दांड्यावर धरली, ती उबेने पसरली. वर केवड्याचं पान दाबून ती सारखी केली आणि बघता बघता चांदीचं सोनं झालं. म्हणजे त्यात सोनेरी रंग कुठे नाहीच. खाली कथील, वर पिवळसर लाख. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसतेय आणि मला हे माहीत नव्हतं.

मग मी ऐटीत चादर सोडली. काकांनी पाय हातात घेतला, फिरवला, नखाने सोनेरी रेघ खरवडली आणि परत दिला. "आ अमारो नथी." खरवडल्यावर खाली पांढरं कथील दिसायला हवं होतं. इथे सोनेरी ऑइलपेंट आणि खाली सरळ लाकूड. हा पाय कुणीतरी मागे कधीतरी बदललेला होता, बहुतेक मुंबईतच. "असली पग लावो, एना परथी बनावी आपीश." आणि खरे तीन पाय गोरेगावात!

फोनवर सासूबाईंना सांगितलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अगं हो, तुझे सासरे एकदा त्यावर उभे राहून बल्ब बदलत होते."

आता परत जायचंय. तोवर तुमचे अनुभव येऊ देत. कसे गेलात, काय आणलं, काय फसलं.

पार्ल्याची, मूळची बडोद्याची

ताई, हसून हसून पुरेवाट. आमच्या बडोद्याच्या घरी हिंचको होता संखेड्याचा. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण झोपाळा म्हणायचं कधी सुचलं नाही, हिंचकोच. गायकवाडांमुळे तिथे स्थायिक झालेल्या सगळ्याच मराठी घरांची भाषा अशी खिचडी.

डभोईला एक बस सोडा आणि पुढची धरा, एवढंच सांगते. हिरा भागोळ नावाची वेस आहे, दगडी कोरीव काम बघताना मान दुखते. शिवाय देशातली पहिली नॅरोगेज या डभोईचीच. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि सुरुवातीला त्यावरून गाड्या ओढायला बैल होते. बैलगाडीच, पण रुळांवरची! लहानपणी आम्ही बडोदा ते डभोई नॅरोगेजने जायचो. खिडकीतून हात काढला तर एरंडाची पानं लागायची.

इतिहासवेडा, गिरगाव

डभोईचा विषय निघालाच आहे तर १ एप्रिल १७३१ विसरू नका. पहिल्या बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला तो याच परिसरात. दाभाडे लढाईत पडले. मी फर्निचरसाठी गेलोच नव्हतो, रणभूमी शोधायला गेलो होतो. सापडली कापसाची शेतं. मग संखेड्याला जाऊन एक पोळपाट घेतला. बायको म्हणाली, मोहीम यशस्वी.

मुलुंडची मी

आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना, सवयीने मी बडोदा स्टँडवरून बस सुटल्यावर कंडक्टरला म्हटलं, "एक महिला." तो म्हणाला, "ए तो देखाय छे." अख्खी बस हसली. पूर्ण तिकीट काढलं.

सुताराचा मुलगा, कुर्ला

आमचं घराणं सुतारकीचं, वडील अजून रंधा हातात घेतात. त्यांना घेऊन गेलो होतो. जाताना ते बसमध्ये कुरकुरत होते, की कातकामात काय एवढं, लेथवर कुणीही करतं. तिथे पोहोचल्यावर एक तास उभे राहून बघत होते आणि तोंडातून शब्द नाही. शेवटी कारागिराला एकच प्रश्न विचारला, दांडा किती दिवस सुकवलेला? त्याने उत्तर दिलं आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. एकाला गुजराती येत नाही आणि दुसऱ्याला मराठी, पण चहा होईपर्यंत दोघांचं छान जमलं होतं.

ज्यांना मोठी वस्तू घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हे फर्निचर सुटं होतं. कातीव दांडे एकमेकांच्या भोकांत बसवलेले असतात, त्यामुळे झोपाळासुद्धा मोकळा करून गठ्ठ्यात बांधता येतो. बसने न्यायचा नाद करू नका. आम्ही ट्रान्सपोर्टने पाठवला, भिवंडीच्या गोदामातून टेम्पोने घरी आणला. गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक जोडावर पेन्सिलने आकडा घालून घ्या आणि फोटो काढा. आम्ही काढला नाही. घरी वडील आणि मी रात्री अकरापर्यंत दांडे हातात घेऊन बसलो होतो आणि शेवटी दोन उरले. ते कुठले ते अजून कळलेलं नाही. झोपाळा मात्र चालतो.

आणि घेण्याआधी घरातल्या स्लॅबला कडी आहे का बघा. नव्या बिल्डिंगमध्ये पंख्याचा हूक असतो, तो पंख्याचाच. त्याला झोपाळा टांगून वर माणूस बसवू नका. आम्ही शेवटी उभ्या चौकटीचा घेतला, तो जमिनीवर राहतो. हॉलमधली निम्मी जागा गेली, पण आई रोज त्यावर बसून भाजी निवडते.

ठाण्याचा, एकदाच गेलेला

आमचं फसलं ते तारखेवरून. दिवाळीची सुट्टी म्हणून भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. हायवेवर मनोर ते चारोटी मुंगीच्या पावलाने. संखेड्याला पोहोचलो तर शटर खाली. एक, दोन, सगळीच. चहावाला म्हणाला, लाभपंचमीला या, त्या दिवशी मुहूर्त करून दुकानं उघडतील. गुजरातेत हे सगळ्यांना माहीत असतं, आम्हालाच नव्हतं. ओरसंग नदीच्या पुलावर उभं राहून वाळू बघितली (पाण्यापेक्षा वाळूच जास्त) आणि परत फिरलो. मुलांना मात्र ट्रिप आवडली, रात्रीच्या स्लीपरमध्ये वरचा बर्थ मिळाला म्हणून.

परळचो वाडीकर

सगळे गुजरातेत धावतायत, आमची सावंतवाडी कोणाक आठवत नाय? रात्रीची बस पकडा, सकाळी मोती तलावाकाठी उतरा, चितारआळीत जावा. लाकडी फळं, भाज्या, पाट, चौरंग, रंगीत खुर्च्या, सगळं लाखकामाचं. खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड, वजनाला एकदम हलकं. राजवाड्यात गंजिफा (खेळायचे जुने गोल पत्ते) रंगवताना बघायला मिळतात. ती कला जवळपास संपली होती, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ती परत उभी केली. माझ्या मुलीने तिथलं लाकडी केळं आणलं आणि पहिल्याच दिवशी पाहुण्यांनी सोलायला घेतलं.

हायवेबद्दल बोलत नाही. पंधरा वर्षं तेच बोलतोय.

गृहकृत्यदक्ष, दहिसर

सांभाळायचं कसं ते कुणी लिहिलं नाही म्हणून. खऱ्या लाखेच्या टेबलावर गरम कप ठेवायचा नाही. माझ्या भावाने ठेवला, पांढरं कडं उमटलं ते आजही आहे, आणि भाऊ आला की मी मुद्दाम त्याच जागी त्याचा कप ठेवते. पावसाळ्यात कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, ओलं फडकं अजिबात नाही.

दुसरं म्हणजे, मी गेले त्या कारखान्यात दांडे लाखेऐवजी तयार लॅकरच्या फवाऱ्याने चकचकीत करत होते. दिसायला छान, गरम कपालाही टिकेल म्हणाले. शिवाय काळा, निळा, हस्तिदंती असे रंगही आलेत. मला लाल-सोनेरीच हवं होतं. विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की लाखेचं हवं तर दिवस जास्त लागतील. थांबायची तयारी असेल तर विचारा. विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. संखेडा फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाने मुंबईतही काय काय विकतात! वर ताईंनी लिहिलेली नखाची परीक्षा लाखमोलाची, फक्त दुकानदाराचं लक्ष नसताना करा.

नुसता वाचक, दादर

उरलेल्या दोन दांड्यांचं काय झालं?

सुताराचा मुलगा, कुर्ला

एकाने आई पडदा सरकवते. दुसरा वडिलांच्या उशाशी असतो, का ते विचारायची सोय नाही.

धागाकर्ती, गोरेगाव

जाऊन आले. या वेळी खरा पाय नेला, आणि करजणपासून डोळे ताठ उघडे ठेवून कपुराईलाच उतरले. काकांनी ओळखलं. पायावरून बोटं फिरवून म्हणाले, हा त्यांच्या वडिलांच्या वेळचा घाट, आता मण्यांमधलं अंतर एवढं बारीक कुणी ठेवत नाही. चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवस बडोद्यात कुठे राहणार? पार्ल्याच्या ताईंनी निरोप पाठवून त्यांच्या मावशींकडे सोय केली, त्यांचे आभार मानायचे शब्द नाहीत. मावशींनी रोज विचारलं, "पाय झाला का?"

झाला. लाखेचाच. घरी आणून बसवला तर अर्थातच तो बाकीच्या तिघांपेक्षा लालभडक दिसतो, सोनंही जास्त पिवळं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला, काही बोलल्या नाहीत, आणि खुर्ची अशी फिरवली की नवा पाय भिंतीकडे गेला. मला जरा लागलंच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. मी चहा घेऊन बाहेर आले तर खुर्ची परत फिरवलेली, नवा पाय पुढे, आणि सासूबाई वाकून काकूंना दाखवत होत्या, "नखाने खरवडून बघ. हळू. खाली पांढरं दिसेल."