ग्रीस, यूनान आणि यवन: मूळ एकच का?

प्रश्न : मराठीत ग्रीस, हिंदीत यूनान, स्वतः ग्रीक लोक म्हणतात एलाडा. ‘यवन’ कुठून आला?

उत्तर १ : आयोनियातल्या (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) ग्रीकांचं जुनं नाव ‘इआवोनेस’. पुढे ग्रीकमधला ‘व’ गळाला. जुन्या फारसीत मात्र ‘यौन’, संस्कृतात ‘यवन’, अशोकाच्या शिलालेखांत ‘योन’ राहिलं. अरबी-फारसी ‘यूनान’ही त्यातलंच, म्हणून वैद्यक ‘युनानी’. ‘ग्रीस’ लॅटिन ‘ग्रेकिया’वरून, इंग्रजीमार्गे आलं.

उत्तर २ : भाषांतर करताना जपा! मध्ययुगीन मराठीत ‘यवन’ म्हणजे बहुधा मुसलमान. तिथे ‘ग्रीक’ लिहिलं तर अर्थच उलटतो. आधी मजकुराचा काळ पाहा.

उत्तर ३ : तुर्कीत अजूनही ‘युनानिस्तान’ म्हणतात.