सोलर आणि झाडं, पण पुराचं काय?

काही जण म्हणतात की कॉलेजच्या हवामान आराखड्याला (हवामानबदलाला तोंड देण्याच्या योजनेला) सोलर पॅनेल आणि वृक्षारोपण पुरे. सांगलीत तरी मला हे पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. तेव्हा जनरेटर, सर्व्हर आणि ग्रंथालयातले जुने दस्तऐवज तळमजल्यावरून वर हलवणं आधी हवं. पूर आला की लोक उंचावरच्या शाळा-कॉलेजांतच आसऱ्याला येतात, मग पिण्याचं पाणी आणि संडास किती जणांना पुरतील, तेही आत्ताच मोजा. जिल्ह्यातल्याच दुष्काळी जत-आटपाडीला मात्र हाच आराखडा देऊ नका. तिथं आधी छतावरचं पाणी साठवायला हवं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पावसाचं पाणी साठवणारी तळी आहेत, ती एकदा जाऊन बघाच.